न धुतलेला बनियन

गुरुवार, २९ मे. हिल्सबरो.

आज सकाळी गॅरेजात मेलेला उंदीर शोधण्यात पाऊण तास गेला. उंदीर सापडला नाही. वास मैत्रेयच्या खेळाच्या पिशवीतून येत होता; आणि पिशवीतील गुडघ्याच्या गाद्या, छातीचे कवच इत्यादी सामान बाजूला केल्यावर असे निष्पन्न झाले, की तो मुख्यत्वे एका करड्या, लांब बाह्यांच्या बनियनातून येत होता.

मैत्रेय हा आमचा नातू, वय सत्तावीस. बर्फावरील हॉकीत तो गोलरक्षक आहे आणि हाच त्याचा व्यवसाय आहे, निदान होता. स्वीडन, स्लोव्हाकिया आणि ऑस्ट्रिया ह्या देशांतील लहान गावांच्या संघांकडून तो आठ वर्षे खेळला. गेल्या मार्चमध्ये ऑस्ट्रियातील संघाने त्याचा करार वाढवला नाही, म्हणून तो ऑकलंडला घरी परतला. आता तो ऑकलंडमधल्याच बॉटनी डाउन्स ह्या भागाच्या संघातून खेळतो आणि सकाळी लहान मुलांना बर्फावर उभे राहण्यास शिकवतो. रणजितशी, म्हणजे त्याच्या वडिलांशी, त्याचे असे ठरले आहे, की हा हंगाम संपेपर्यंत परदेशातील एखाद्या संघाने बोलावले तर जायचे. न बोलावल्यास रणजितच्या कंपनीत नोकरी धरायची आणि हॉकी हौसेपुरती ठेवायची. मला दुसरा पर्याय अधिक सुसंस्कृत वाटतो.

मी बनियन दोन बोटांत धरून त्याला विचारले, "हा कधीपासून धुतला नाहीस?"

"पूर्ण सीझन, आजोबा."

"हंगाम तर पुढच्या आठवड्यात सुरू व्हायचा आहे."

"लास्ट सीझन."

अधिक चौकशी करता आणखीही गोष्टी बाहेर आल्या. स्केट आधी डाव्या पायात घालायचा. गोलाचे खांब काठीने डावा, उजवा, पुन्हा डावा असे ठोकायचे. सामन्याच्या दिवशी उठल्यापासून सामना सुरू होईपर्यंत कोणाशीही एक शब्द बोलायचा नाही. "गोलीज आर वीअर्ड," तो म्हणाला. "इट्स अ थिंग."

माझी हयात अंधश्रद्धेविरुद्ध बोलण्यात गेली आहे. अमरावती जिल्ह्यातील शाळाशाळांतून मी जिभेवर कापूर पेटवून दाखवला. अमावास्येला दहावीच्या मुलांसह स्मशानात बसून डबा खाल्ला. गंडा, ताईत, नवस ह्यांपैकी काहीही उंबरठ्याच्या आत येऊ दिले नाही. आणि सातासमुद्रापलीकडे माझ्याच नातवाच्या पिशवीत हा प्रकार निघावा, ह्याला काय म्हणावे?

माझ्या पत्नीला, द्रौपदीला, सांगितले. ती म्हणाली, "लेकरू दारू पेत नाई, काई नाई. एक बनेन तर हाय." नंतर तिने त्याचा वास घेतला आणि मत बदलले.

शनिवार, ७ जून.

हंगामाचा पहिला सामना डनेडिनच्या संघाशी होता.

द्रौपदीने काल तो बनियन गरम पाण्यात डेटॉल आणि सुगंधी साबण घालून दोनदा भिजवला, घासला, वाळवला, इस्त्री केला आणि घडी घालून पिशवीवर ठेवला. सकाळी मैत्रेयने तो पाहिला. त्याला लॅव्हेंडरचा सुगंध येत होता. आज सामन्याचे मौन असल्यामुळे मैत्रेयला काही बोलता येईना. तो बनियन हातात धरून गॅरेजात नुसता उभा राहिला. मग त्याने आजीकडे पाहिले. आजीने प्रेमाने पाहिले. तो गाडीत जाऊन बसला.

आम्ही सर्व सामन्याला गेलो. आम्ही ह्या देशात कायमचे येऊन जेमतेम वर्ष झाले, त्यामुळे हा खेळ मी प्रथमच पाहिला. त्याविषयीचे माझे मत असे: वेग फार, विचार थोडा. रबराची एक काळी चकती असते. ती मला एकदाही दिसली नाही. चूक करणाऱ्या खेळाडूला दोन मिनिटे एका काचेच्या कोठडीत बसवतात आणि मग किल्मिष न ठेवता पुन्हा खेळू देतात, ही पद्धत मात्र आपल्याकडील अनेक संस्थांनी स्वीकारावी अशी आहे.

आम्ही एक विरुद्ध सहा असे हरलो. परतताना मोटारीत मी समजावून सांगितले, की साबणाने माणसाच्या हालचाली मंदावतात, ह्यास कोणताही पुरावा नाही. मैत्रेय म्हणाला, "आय नो, आजोबा." थोड्या वेळाने म्हणाला, "पण काहून धुतला?"

हा ‘काहून’ तो आजीकडून शिकला. पन्नास वर्षांच्या संसारात मी द्रौपदीची वऱ्हाडी सुधारू शकलो नाही आणि आता ती तिसऱ्या पिढीत उतरली आहे. माझी प्रमाण मराठी कोणातच उतरली नाही.

रविवार, ८ जून.

त्याच संघाशी दुसरा सामना होता. बर्फाशेजारी थंडी फार असते, म्हणून निघताना द्रौपदीने स्वतः विणलेला तपकिरी मफलर माझ्या गळ्यात घातला. कालच्या जागा भरलेल्या असल्याने तिसऱ्या रांगेत खांबाजवळ बसावे लागले. शेजारी शर्ली नावाच्या एक वृद्ध बाई होत्या. त्यांनी बरीच वर्षे शाळेची बस चालवली आणि आता त्या सामना पाहताना मोजे विणतात. त्यांनी मला पहिल्याच वाक्यात ‘मेट’ म्हटले. आमची मैत्री नसल्याचे मी त्यांना सांगितले नाही.

आम्ही तीन-शून्य असे जिंकलो. चकती आज मला दोनदा दिसली, आणि दोन्ही वेळा ती मैत्रेयच्या हातमोज्यात होती.

बनियन आजही स्वच्छच होता, ही गोष्ट मी मैत्रेयच्या लक्षात आणून दिली.

मंगळवार, १७ जून.

रणजित आणि सूनबाई कामावर गेले की घरात आम्ही तिघेच उरतो. सकाळी मी दूध आणण्यास कोपऱ्यावरील दुकानात जातो. ह्या दुकानाला येथे डेअरी म्हणतात, आणि त्यात दूध सर्वांत मागच्या कोपऱ्यात ठेवलेले असते. हल्ली मैत्रेय माझ्यासोबत येतो.

एक चिंतेची बाब नोंदवून ठेवतो. हा मुलगा अतिशय सावकाश चालतो. व्यावसायिक खेळाडूच्या मानाने तर त्याची चाल शोचनीय आहे. शिवाय त्याच्या बुटांच्या नाड्या सारख्या सुटतात आणि त्या नेमक्या चढावावर सुटतात. तो खाली बसून बांधत असतो तोवर मलाही थांबावे लागते. आज त्या चढावावर दोन वेळा सुटल्या. मी त्याला पक्की गाठ मारण्याची रीत दाखवली. त्याने ती लक्षपूर्वक पाहिली आणि पुढच्याच वळणावर नाडी पुन्हा सुटली.

वाटेत मी त्याच्याशी मराठीत बोलतो आणि तो इंग्रजीत उत्तर देतो. आज त्याने विचारले, की गोलरक्षकाला मराठीत काय म्हणतात. मी म्हणालो, गोलरक्षक. "ओह," तो म्हणाला. त्याची थोडी निराशा झालेली दिसली.

रविवार, २९ जून.

आज अर्ध्या वाटेवरून मोटार परत फिरवावी लागली, कारण मफलर घरी राहिला होता. रणजितने किंचित कुरकुर केली. मी त्याला म्हणालो, की माझा घसा नाजूक आहे आणि ह्या वयात त्याची हेळसांड परवडणार नाही.

"मागच्या येळी त मफलर काढून मांडीवर ठेवला व्हता," द्रौपदी म्हणाली.

"तो पहिल्या सत्रात. त्या सत्रात आपल्यावर दोन गोल झाले," मी म्हणालो. नंतर खिडकीबाहेर पाहिले.

पोहोचल्यावर आमच्या जागेवर एक तरुण जोडपे बसले होते. मी काही म्हणण्यापूर्वीच शर्लीबाईंनी त्यांना उठवले. "ही त्याची जागा आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "तो इथे बसतो तेव्हा आपण जिंकतो." अशा विधानाचा प्रतिवाद करणे हे माझे कर्तव्य होते, परंतु सामना सुरू होत असल्याने तो पुढे ढकलला.

खांबाजवळच्या जागेचा खरा गुण असा, की तेथून मैत्रेयचा गोल समोर दिसतो. घरी आल्यावर द्रौपदीने विचारले, की प्रत्येक सत्रानंतर संघ बाजू बदलतात, मग दुसऱ्या सत्रात तुम्ही उठून पलीकडे काहून जात नाही. ह्या बाईने तर्कशास्त्र कोठे शिकले, ते कळत नाही.

जिंकलो.

शुक्रवार, ११ जुलै.

नॉर्वेतील एका संघाचे पत्र आले. त्यांच्या एका गोलरक्षकाच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. येथील सामने संगणकावर पाहता येतात आणि ते मैत्रेयचे सामने पाहत आहेत. हंगाम संपल्यावर निर्णय कळवतील. त्यांनी आणखी दोघांवर नजर ठेवली आहे.

मैत्रेयने हे जेवताना सांगितले आणि लगेच वरणाची वाटी पुढे केली. आनंद झाला की तो जेवणाकडे वळतो; लहानपणी सुट्टीत अमरावतीला येई तेव्हाही असेच करी. रणजित म्हणाला, "होप फॉर द बेस्ट, पण आमच्या ऑफिसातलं टेबल रिकामं आहे, हे लक्षात ठेव." मी नॉर्वेचे हवामान वाचून काढले. तेथे हिवाळ्यात काही भागांत सूर्य उगवत नाही. असा देश मनुष्यवस्तीस कितपत योग्य आहे, ह्याबद्दल शंका वाटते.

अलीकडे सामन्याच्या दिवशी मीही सकाळी फारसे बोलत नाही. घशाला विश्रांती मिळते. द्रौपदी म्हणते, की सामने आठवडाभर असायला पाहिजेत.

शनिवार, २६ जुलै.

आज एक धक्कादायक प्रकार घडला. सकाळी चालताना मैत्रेय म्हणाला, "आजोबा, आय हॅव बीन थिंकिंग. तुमचं बरोबर आहे. इट्स ऑल इन माय हेड. बनियन टाकला बिनमध्ये."

माझ्या तोंडून प्रथम जो शब्द बाहेर पडला, तो "काहून?" हा होता.

तो हसत सुटला. मी त्याचे अभिनंदन केले. चाळीस वर्षांच्या प्रबोधनाचे हे घरातले पहिले फळ आहे, आणि त्याबद्दल मला समाधान वाटायलाच हवे. ते वाटतेही.

दुपारी मी कचऱ्याचा डबा तपासला. ह्या देशात कचऱ्याच्या वर्गीकरणाचे नियम कडक आहेत आणि कापड लाल झाकणाच्या डब्यात टाकावे की नाही, ह्याविषयी मला खात्री नव्हती. नियमभंग नको म्हणून बनियन बाहेर काढला, झटकला आणि मैत्रेयच्या पिशवीच्या तळाशी ठेवला. फेकायचाच असेल तर त्याने तो चौकशी करून, योग्य ठिकाणी फेकावा.

मागे वळलो तर द्रौपदी दारात उभी होती.

"धुवून देऊ का?" तिने विचारले.

"त्याची वस्तू आहे. आपण हात लावू नये," मी म्हणालो.

रविवार, १७ ऑगस्ट.

आम्ही अंतिम फेरीत पोहोचलो. मी ‘आम्ही’ हे सर्वनाम विचारपूर्वक वापरले आहे. अंतिम सामना ख्राइस्टचर्चच्या संघाशी, ह्याच महिन्याच्या अखेरच्या रविवारी, बॉटनीलाच आहे. शर्लीबाईंनी आनंदाच्या भरात मला मिठी मारली आणि त्यांची विणकामाची सुई माझ्या कोटात अडकली. त्या हेमी ह्या प्रशिक्षकालाही मिठी मारून आल्या. हेमी मला म्हणाला, "किओरा, कोरो." किओरा म्हणजे माओरी भाषेत नमस्कार आणि कोरो म्हणजे आजोबा, असे मैत्रेयने सांगितले. माझ्या वयाच्या पुरुषाला ‘मेट’ म्हणण्यापेक्षा हे निश्चितच योग्य आहे.

शनिवार, ३० ऑगस्ट.

उद्या अंतिम सामना आहे. नॉर्वेचे लोक पाहणार आहेत.

आज सकाळी दुधाला गेलो. थंडी असूनही मैत्रेयच्या पायांत जँडल्स होत्या. येथील मुले रबरी चपलांना जँडल्स म्हणतात आणि बारमाही वापरतात. चढाव अर्धा संपला आणि तो नेहमीप्रमाणे खाली बसला. मी उभा राहिलो. माझा श्वास जरा पूर्ववत झाल्यावर माझे लक्ष त्याच्या पायांकडे गेले.

"जँडल्सना नाडी नसते," मी म्हणालो.

त्याने पायाकडे पाहिले. "ट्रू," तो म्हणाला. "सवय झाली." आणि तो तसाच बसून राहिला, मी पुढे पाऊल टाकीपर्यंत.



रणजितच्या कार्यालयातील टेबल अजून रिकामे आहे. ते काम नऊला सुरू होते. दूध आठ वाजता आणता येते. हे मी केवळ नोंद म्हणून लिहीत आहे.

आता मफलरविषयी. गेले तीन महिने माझ्या वागण्यात एक शैथिल्य शिरले आहे, असे आज आत्मपरीक्षण करता लक्षात आले. घसा, खांबाजवळून दिसणारा गोल, कचऱ्याचे नियम ही कारणे खरीच आहेत. परंतु त्रयस्थाला त्यांतून गैरसमज होऊ शकतो. विवेकाची कसोटी महत्त्वाच्या दिवशीच घ्यावी. लोकरीच्या पट्ट्याचा आणि नॉर्वेच्या निर्णयाचा काहीही संबंध नाही. तेव्हा उद्या मफलर घरी ठेवला, तर मैत्रेयचे त्यात काहीच नुकसान नाही. म्हणून तो घरी ठेवणार आहे.

हे लिहून झाल्यावर मन हलके व्हायला हवे होते.

रविवार, ३१ ऑगस्ट.

दुपारचा सामना. मी मोकळ्या गळ्याने गेलो. शर्लीबाईंनी माझ्याकडे पाहिले, विणकाम खाली ठेवले आणि म्हणाल्या, "मेट." एवढेच म्हणाल्या, परंतु एका शब्दात इतकी नाराजी मी पूर्वी ऐकली नव्हती.

पहिल्या सत्रात आमच्यावर एक गोल झाला. दुसऱ्या सत्रात आम्ही एक केला आणि त्यांनी आणखी एक केला. तो मैत्रेयच्या काखेखालून गेला. असा गोल त्याच्यावर ह्या हंगामात झाला नव्हता. सत्र संपल्यावर खेळाडू आत जाऊ लागले. मैत्रेय थांबला, त्याने मुखवटा वर केला आणि तिसऱ्या रांगेकडे, खांबाकडे पाहिले. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती; किंचित खाली होती. मग तो आत गेला.

द्रौपदीच्या मांडीवर चिवड्याचा डबा असलेली पिशवी होती. तिने डबा बाहेर काढला आणि त्याच्याखालून तपकिरी मफलर काढला. तो ती घरून घेऊन आली होती. काल मी काय ठरवले, ते तिला मी सांगितलेले नव्हते.

ती बर्फाकडे पाहत म्हणाली, "थंडी वाजून राह्यली का तुमाले?"

बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र हळूहळू फिरत होते. ते पूर्ण एक फेरी मारून आमच्यासमोरून गेले. मैत्रेय येथे राहिला, तर सकाळी आठ वाजता काय होईल, ते मला स्पष्ट दिसत होते. तो गेला, तर काय होईल, तेही दिसत होते.

"वाजते," मी म्हणालो.

मफलर मीच गुंडाळला. दोन वेढे घातले. शर्लीबाईंनी विणकाम पुन्हा हातात घेतले.

येथे एक निरीक्षण नोंदवणे आवश्यक आहे: तिसऱ्या सत्रात बर्फाभोवतीचे तापमान घटते. मी ते स्वतः अनुभवले आहे.

त्या सत्रात मैत्रेयने जे केले, त्याचे वर्णन करण्याइतके शब्द ह्या खेळासाठी मराठीत अजून झालेले नाहीत. एकदा ख्राइस्टचर्चचा खेळाडू चकती घेऊन एकटाच त्याच्यावर धावून आला. मैत्रेय गोल सोडून दोन पावले पुढे आला, खाली बसला आणि थांबला. घाई केली नाही. समोरच्याला जे करायचे होते ते करू दिले आणि मग पाय लांब केला. चकती बुटाला लागून बाहेर गेली. मी उभा राहिलो होतो, हे मला द्रौपदीने कोट ओढल्यावर कळले. इतक्या वेगाच्या खेळात वाट पाहणे त्याला कोणी शिकवले, देव जाणे. (ही केवळ बोलण्याची पद्धत आहे.)

बरोबरी झाली. जादा वेळात आमच्याच एका खेळाडूच्या स्केटला लागून चकती आत गेली आणि आम्ही हरलो.

बुधवार, ३ सप्टेंबर.

नॉर्वेहून फोन आला. एक वर्षाचा करार, शनिवारी निघायचे. त्यांच्या प्रशिक्षकाने म्हणे तिसरे सत्र दोनदा पाहिले.

रणजित कोरड्या आवाजात "गुड ऑन यू" म्हणाला आणि बराच वेळ मुलाच्या खांद्यावरचा हात त्याने काढला नाही. मैत्रेयने वरणाची वाटी दोनदा पुढे केली.

झोपण्यापूर्वी मी द्रौपदीला म्हणालो, "संघ हरला. म्हणजे मफलरचा निकालाशी संबंध नाही, हे सिद्ध झाले."

"पोरगं जाऊन त राह्यलं नं," ती म्हणाली आणि कूस बदलली.

शनिवार, ६ सप्टेंबर.

सकाळी शेवटचे दूध आणले. मैत्रेयने आज बूट घातले होते आणि नाड्यांना मी शिकवलेली पक्की गाठ होती. तरीही चढावावर तो बांधायला बसला. मी त्याला भरपूर वेळ घेऊ दिला आणि नॉर्वेत गेल्यावर घाई करू नकोस, असे सांगितले.

"नाही करणार," तो मराठीत म्हणाला. वाक्य निर्दोष होते.

दुपारी त्याची पिशवी पुन्हा भरण्याचे काम मी अंगावर घेतले. तरुण मुलांना घडी घालता येत नाही. बनियन तळाशी होताच. त्यावर मी मफलर ठेवला. नॉर्वे उत्तर ध्रुवाच्या जवळ आहे आणि तेथे थंडी असते. ही भौगोलिक वस्तुस्थिती आहे.

द्रौपदीने आत डोकावून पाहिले. "तीन महिने वापरला तुमी तो. आना इकडे, धुवून देतो."

मी पिशवीची चेन लावून टाकली. लोकर वारंवार धुतली की आटते.